टक् वाजेपर्यंत

एका चुलीवर जेवणाऱ्या दोन जावा, आणि दोघी एकाच दवाखान्यात नर्स. हे ऐकलं की लोक म्हणत, वा, छान झालं, एकमेकींना सोबत. असं म्हणणाऱ्याला त्या घरात एक दिवस ठेवायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत त्यानं स्वतःहून सलाईन मागितलं असतं.

थोरली एकोणीस वर्षं नोकरीत, धाकटी चार. थोरली जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली बोलणी खात शिकली. धाकटी कॉलेजात शिकली, पदवी घेऊन आली. दोघी कंत्राटीच. पाळ्या मुद्दाम उलट्या लावून घेतल्या होत्या. गाठ पडे ती दवाखान्याच्या व्हरांड्यात, पाळी बदलताना, आणि तिथेही औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात नसत. एकीनं टेबलावर ठेवायच्या, दुसरीनं उचलायच्या. घरात निरोप सासूबाईंमार्फत. 'तिला सांगा, पिंप झाकायला काही हात झिजत नाहीत.' सासूबाई निरोप पोचवत, आणि पदरचे दोन शब्द त्यात घालत, फुकट.

त्या भागाचं हे तिसरं कोरडं वर्ष. तळ्याचा तळ फुटलेल्या टाचेसारखा दिसत होता. माणसं कामामागे निघून गेली होती, आणि माणसंच नाहीत तर आजारी कोण पडणार? दवाखान्यात येणाऱ्यांचा आकडा निम्म्यावर आला. वरच्या कार्यालयानं तो पाहिला आणि पत्र पाठवलं : दोन कंत्राटी नर्सपैकी एकच इथे राहील. दुसरीनं डोंगरापलीकडच्या केंद्रावर जायचं. तिथे दिवसातून एक बस जाते आणि तीच दुसऱ्या दिवशी परत येते.

कोण राहणार ते परीक्षेवर. त्या वर्षी वरच्यांच्या डोक्यात सीपीआर होता. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून, तोंडावाटे हवा देऊन त्याला परत आणायचं, हे नर्सांना कितपत येतं ते तपासायचं. वीस मार्कांचा लेखी पेपर, तीस मार्कांचं पुतळ्यावर करून दाखवणं. जिचे मार्क कमी, तिची बस.

थोरलीला बस परवडणारी नव्हती. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी ट्रकवरच्या पोत्यांना दोर आवळताना वरून पडला. कमरेखालचं अंग तेव्हापासून त्याचं नव्हतं. ते थोरलीचं होतं. दर तीन तासांनी त्याची कूस बदलावी लागे. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, गुडघा खाटेला टेकून, एका दमात. मागे शहरातल्या उपचारांत आठ दिवस कुणी नीट बदलली नाही, तेव्हा पाठीला तळहाताएवढी जखम झाली. ती भरायला पाच महिने लागले, आणि त्या गाडीप्रवासाचा ताप महिनाभर उतरला नाही. त्यामुळे त्याला सोबत नेणं हा विषय घरात कुणी काढत नव्हतं. दवाखाना घराच्या मागच्या भिंतीला लागून होता. पाळी चालू असतानाही थोरली मधल्या दारानं पळत येई, कूस बदली, पळत जाई. सासूबाईंचे हात संधिवातानं वाकडे झालेले. दीर दिवसभर बाहेर. राहिली धाकटी.

धाकटी त्या खोलीत कधी गेली नव्हती. थोरल्या दिरापुढे ती पदर सावरून दारातूनच बोलायची, ताट उंबऱ्यावर ठेवायची. मान राखणं म्हणतात ते. थोरलीच्या मते त्यात मान थोडा आणि आळस जास्त होता.

पत्र आलं त्या दुपारी सासूबाईंनी दोघींना ऐकू जाईल असं भिंतीला सांगितलं, की देवानं सुना दोन दिल्या, अक्कल एकीलाच दिली असती तरी चाललं असतं. कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. दोघींनी ते आपापल्या परीनं समजून घेतलं.

सराव सुरू झाला. दवाखान्यातला पुतळा नुसता धडाचा : डोकं, छाती, पोट, पुढे काही नाही. नर्सा त्याला जावईबापू म्हणत, कारण तो वर्षभर कपाटात झोपून असे, त्याला कुणी उठवत नसे आणि पाहुणे आले की पुसून पुढे ठेवत. छाती बरोबर दाबली की आतून टक् असा आवाज येई. आवाज आला की दाब पुरला. इथल्या सगळ्या नर्सा त्या आवाजावर शिकलेल्या.

घोटाळा असा होता की जावईबापू म्हातारे झाले होते. आतली पट्टी सैल पडली होती. दोन इंच दाबल्यावर वाजायचं ते आता इंचभरात वाजे. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण लवकर वाजणारा पुतळा सगळ्यांनाच आवडतो. धाकटीचे हात त्याच्यावर शिलाई मशीनसारखे चालत. टक् टक् टक् टक्, मिनिटाला एकशेदहा, मनगटावर घाम नाही. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस. बघणाऱ्याला वाटे, ही मेलेल्याला उठवील आणि वर चहाही करील.

थोरलीनं एकोणीस वर्षांत खऱ्या माणसांच्या छात्या दाबल्या होत्या. अकरा. त्यातले तीन घरी चालत गेले. माणसाच्या छातीत काही वाजत नाही, वाजलीच तर बरगडी वाजते, हे तिच्या तळहाताला माहीत होतं. एकदा व्हरांड्यात, किल्ल्या ठेवता ठेवता, ती मावशीला, म्हणजे वॉर्डातल्या झाडूवाल्या बाईला, म्हणाली की बाहुलीला थोपटतात तसं माणसाला थोपटलं तर तो झोपायचा, उठायचा नाही.

धाकटीनं किल्ल्या उचलल्या. "मावशी, सांगा त्यांना," ती म्हणाली, "पुस्तक आता मराठीतही मिळतं."

परीक्षक आला तो सकाळी नऊला, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. वयानं धाकटीच्याही मागचा. स्वतःचा पुतळा त्यानं आणला नव्हता, गाडीत जागा नव्हती म्हणे. जावईबापूंना बघून त्याला आनंद झाला.

लेखी पेपरात एक प्रश्न होता : रुग्ण कोणत्या पृष्ठभागावर असावा? धाकटीनं वळणदार अक्षरात लिहिलं, 'कठीण व सपाट.' पूर्ण मार्क. थोरलीनं लिहिलं, 'खाटेवर असेल तर आधी खाली ओढावा.' परीक्षकानं ते दोनदा वाचलं आणि अर्धा मार्क दिला. ओढावा हा शब्द पुस्तकात नव्हता. असे अर्धे अर्धे गळत तिला वीसात नऊ पडले. धाकटीला एकोणीस.

मग पुतळा. जमिनीवर चटई टाकली होती. परीक्षक खुर्चीत बसला, एका हातात कागद, दुसऱ्या हातात मोबाइल. तो बघत नव्हता, ऐकत होता. धाकटीचे टक् मोजून त्यानं तीसात अठ्ठावीस लिहिले.

थोरली गुडघ्यावर बसली. खांदे हातांच्या वर आणले, कोपरं ताठ केली आणि सवयीनं दाबलं, माणसाला दाबतात तसं. पहिले तीन वाजले. चौथ्याला आत काहीतरी कुरकुरलं आणि पट्टी तळाला जाऊन अडकली. ती दाबत राहिली. छाती खाली जात होती, वर येत होती, आवाज मात्र नाही. तिच्या हनुवटीवरून घाम पुतळ्याच्या रबरी गळ्यात टपकत होता. तीस झाले, दोन श्वास दिले, पुन्हा तीस.

"थांबा," परीक्षकानं मोबाइलवरून मान वर केली. "आवाज येत नाहीये."

तिनं सांगितलं की पट्टी अडकली आहे, छाती किती खाली जाते ते बघा, हात लावून बघा. त्यानं हात लावला नाही. तो समजुतीनं हसला, म्हाताऱ्या आईला फोन कसा धरायचा ते सांगताना मुलं हसतात तसा. आवाज नाही म्हणजे दाब नाही, हे मी ठरवलेलं नाही, असं तो म्हणाला. त्यानं सहा मार्क लिहिले. तीन आवाजांचे बहुधा दोन दोन.

धाकटी दारात उभी होती. तिनं आपल्या टोपीची पिन काढून पुन्हा लावली, एवढंच. थोरलीनं ते मनात टिपून ठेवलं. एखादा शब्द बोलली असती तर त्याचं उत्तर देता आलं असतं. पिनेला काय उत्तर देणार?

परीक्षक डॉक्टरांबरोबर जेवायला त्यांच्या घरी गेला. रस्त्याच्या टोकाला, दहा मिनिटांवर. बारापासून पाळी धाकटीची होती. थोरलीनं हात धुतले. एक वाजता नवऱ्याची कूस बदलायची होती. ती मधल्या दारापर्यंत पोचली तेव्हा फाटकातून ओरडत माणसं आली.

तिघांनी चौथ्याला उचलून आणलं होतं. तो पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर होता. टाकी गंजली म्हणून रिकाम्या टाकीत उतरून आतून खरवडत होता. बंद गंजक्या टाकीत हवा मरते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हाक मारली तर उत्तर नाही, म्हणून भावानं त्याच्या कमरेला बांधलेल्या दोरानं त्याला वर ओढलं होतं. ओठ जांभळे, कपाळावर गंजाचा लाल चिखल. मोठा माणूस. तिघांनी त्याला पहिल्या दिसलेल्या खाटेवर टाकलं आणि खाट त्याच्याखाली पोटासारखी खाली गेली. त्या खाटेच्या स्प्रिंगा केव्हाच्या गेल्या होत्या.

धाकटीनं मानेवर बोटं ठेवली. त्यानं एक आचका दिला, मग दिला नाही. तिनं मावशीला डॉक्टरांकडे पिटाळलं, तळहातावर तळहात ठेवला आणि दाबायला लागली. चुकलं काहीच नव्हतं, पेपरात लिहिलं तसंच. मोठ्यानं मोजत होती, लय पक्की, मिनिटाला एकशेदहा. फक्त तिच्या प्रत्येक दाबाबरोबर माणूस नाही, गादी खाली जात होती. आणि हात इंचभर जाऊन थांबत होते, जिथे आवाज यायचा तिथे. आवाज येत नव्हता. तीस झाल्यावर तिनं तोंडावर बसवायच्या रबरी फुग्यानं दोन वेळा हवा दिली. पुन्हा दाबायला लागली तेव्हा तिच्या तोंडावर आश्चर्य होतं, जणू समोरच्यानं शब्द फिरवला.

थोरली मधल्या दारात उभी होती. आता खोटं कशाला बोला, ती लगेच धावली नाही. तिनं पहिले तीस मोजले, दोन श्वास मोजले, आणि पुढचे वीसही मोजले. अठ्ठावीस मार्क गादीत बुडताना ती बघत होती, आणि तिला ते गोड लागत होतं. गोड किती वेळ लागलं याचा हिशेब नंतर तिनं स्वतःशी पुष्कळ वेळा केला. अर्धं मिनिट. त्याहून थोडं कमी.

मग तिची नजर त्या माणसाच्या पायांवर गेली. पाय खाटेबाहेर लोंबत होते, दाबाबरोबर हलत होते, आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. असे पाय ती रोज धूत होती.

"चादर धर," ती म्हणाली.

चार वर्षांत ती धाकटीशी सरळ बोललेले हे पहिले दोन शब्द. धाकटीला कळलंच नाही. थोरलीनं तिला खांद्यानं बाजूला ढकललं, डोक्याकडची चादर दोन्ही मुठींत घेतली आणि माणूस ओढला. तो धप्पकन फरशीवर आला. डोकं तिनं आपल्या पावलावर झेललं, पण आवाज मोठा झाला, आणि भावानं तो ऐकला.

"फेकला त्याला! जमिनीवर फेकला बाईनं!"

त्यानं मागून तिचा दंड धरला. तिनं झटकला. त्यानं पुन्हा धरला तेव्हा ती वळून म्हणाली, "भाऊ हवा आहे की खाट?" तो एक पळभर थांबला आणि तेवढं तिला पुरलं. तिनं दाबायला सुरुवात केली. दोन इंच, पूर्ण वर, दोन इंच, पूर्ण वर. नवव्या का दहाव्या दाबाला बरगडी वाजली. खोलीतल्या सगळ्यांनी ती ऐकली. धाकटीनं डोळे मिटले.

"डोळे उघड. फुगा धर. हनुवटी वर." आणि पुन्हा, "वर म्हटलं ना, पाहुण्याला पाणी पाजते आहेस का?"

तीस आणि दोन. तीस आणि दोन. पाठीवर कुणाची तरी बुक्की बसली. मागे कुणीतरी तिच्या सात पिढ्या काढत होतं, त्या तिलाही माहीत नव्हत्या. तिचा दाब उथळ पडायला लागला तेव्हा ती सरकली आणि धाकटीला छातीकडे ओढलं. धाकटी दाबायला लागली आणि इंचावर थांबली. थोरलीनं आपला तळवा तिच्या तळव्यांवर ठेवला आणि सगळं वजन टाकलं. धाकटीच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला. अजून, थोरली म्हणाली. अजून. ते शेवटचं टोक धाकटीला पहिल्यांदा हाताला लागलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

पाचव्या फेरीला तो माणूस खोकला. ओकला, दोघींच्या अंगावर, आणि श्वास घेतला. जाडं कापड फाटल्यासारखा तो श्वास होता. थोरलीनं त्याला कुशीवर वळवलं, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. तेव्हा तिला आठवलं, एक वाजून गेला होता.

ती कूस बदलून परत आली तोवर डॉक्टर, परीक्षक, सगळे जमले होते. ड्रायव्हर खाटेवर प्राणवायू लावून पडला होता आणि छाती दुखते म्हणून डोळ्यांनी तक्रार करत होता. भाऊ डॉक्टरांना सांगत होता : ही पोरगी नीट मोजून करत होती, शिकलेली आहे, दिसतंय, आणि ती दुसरी बाई, अंगावर ड्युटी नसताना घुसली, पेशंटला पोत्यासारखा आपटला, बरगडी मोडली. आम्ही लेखी देणार. परीक्षकानं मान डोलावली. सकाळीच माझ्या लक्षात आलं होतं, असं तो डॉक्टरांना हळूच म्हणाला. डॉक्टरांनी फरशी पाहिली, खाट पाहिली, थोरलीकडे पाहिलं, आणि बदलीची सही आपल्या हातात नाही असं तोंड केलं. ते तोंड त्यांचं नेहमीच तयार असे.

लोक पांगल्यावर धाकटी टेबलाशी बसली. पाळीच्या नर्सनं झालेलं सगळं नोंदवहीत लिहायचं असतं. तिनं वेळ लिहिली, तारीख लिहिली, आणि पेन थांबलं. पोलक्यावर ओकारी वाळली होती. थोरली समोर उभी राहिली.

धाकटी मान खाली घालूनच म्हणाली, "खरं तेच लिहीन मी. उपकार नकोत तुमचे."

थोरलीनं खऱ्याचा हिशेब आधीच केला होता. आपले पंधरा मार्क, वर भावाची तक्रार. आपली बस ठरलेली. खरं लिहिलं तर आपली बस चुकत नाही, उलट धाकटीनं मऊ खाटेवर, उथळ दाबत अर्धं मिनिट घालवलं हेही वर जातं. दोघींना उचलतील आणि बाहेरची कुणी आणून बसवतील. मग मागच्या खोलीतल्या माणसाची कूस कोण बदलणार? वाकड्या बोटांची म्हातारी?

"तुझं नाव लिही," ती म्हणाली. "खाली तू घेतलास, परत तू आणलास. बरगडी माझ्या नावावर राहू दे."

"आणि बदल्यात?"

धाकटी मूर्ख नव्हती. थोरलीनं मनातल्या मनात तेवढं तिच्या बाजूला लिहिलं.

"दर तीन तासांनी. दिवसा पाच वेळा, पाळीतूनही उठून. रात्री तुझा नवरा बदलील, त्याला मी शिकवते. अंग पुसायचं, टाचा बघायच्या, पाठीवर लाल दिसलं तर त्याच दिवशी मला कळवायचं."

"ते माझे थोरले दीर आहेत, जाऊबाई. मी त्यांच्यासमोर बसतसुद्धा नाही."

"मग मीही आता त्या परीक्षकाला गादी दाबून दाखवते."

धाकटीनं वर पाहिलं. त्या नजरेत जे होतं त्याला माया म्हणता येणार नाही. जावईबापूंना भंगारात टाकायला हवं, असं काहीतरी ती पुटपुटली, आणि आपलं नाव लिहिलं. पेन कागदात रुतेल एवढं दाबून.

चार वाजता थोरलीनं तिला मागच्या खोलीत नेलं. सासूबाई दारात आल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दोघींकडे बघून मिटलं. हेही त्या घरात पहिल्यांदाच झालं. नवऱ्याला थोरलीनं दुपारीच सांगून ठेवलं होतं. त्यानं विचारलं होतं, मला कुणी विचारलं का? तिनं म्हटलं होतं, नाही.

आता तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. धाकटीनं पदर खोचला. हात खांद्याखाली घातला, मग काढून आपल्या साडीला पुसला, मग पुन्हा घातला. पहिल्यांदा तो अर्धा वळला आणि पोत्यासारखा परत आला. दुसऱ्यांदा त्याचा पाय मागे राहिला. धाकटीच्या कपाळावरून घाम खाली आला तो त्याच्या उघड्या पाठीवर पडला, आणि दोघांनीही तो पडलाच नाही असं दाखवलं.

थोरली दाराच्या चौकटीला टेकून होती. हात तिनं मुद्दाम पाठीमागे बांधले होते. "गुडघा टेकव खाटेला," ती म्हणाली. "आणि लाजत असशील तर लाज, पण दम एकाच वेळी लाव."

धाकटीनं गुडघा टेकवला. श्वास धरला. तिसऱ्या वेळी तो मोठा देह एका दमात वळला, पाय पायावर नीट बसला, उशी पाठीशी गेली. कुठे घडी नाही, कुठे ओढ नाही. थोरलीनं चादरीखाली हात घालून पाहिलं. चूक शोधायला पाहिलं. सापडली नाही.

"जमलं तिला," नवरा म्हणाला. दोन वर्षांत तो हे थोरलीला कधी म्हणाला नव्हता.

एवढ्यासाठीच तर तिनं सगळं देऊन टाकलं होतं. तिनं ते ऐकलं, आणि ते तिला मुळीच सहन झालं नाही. ती पुढे झाली, नीट असलेली उशी ओढून काढली आणि पुन्हा आपल्या हातानं लावली.